सातुर्निनाची हजेरी

...म्हणजे उद्या पुन्हा उभं राहायचं, सकाळी सातला, विमानतळाच्या रस्त्याला, कारण आणखी कुठल्याशा देशात डावे निवडून आले आणि त्यांचा अध्यक्ष भेटीला येतोय!

तुम्हाला सांगतो, पूर्वी बरं होतं. सरकार श्रीमंतांचं होतं, आपण त्याच्याविरुद्ध उभे राहायचो, रस्त्यात धोंडे टाकायचो, पोलीस आले की पळायचो... पळताना निदान या डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराची थंडी तरी वाजत नाही. वस्तीच्या समितीच्या फ्रुक्तुओसाबाई वही घेऊन नाव पुकारायच्या. ज्या घराची हजेरी पुरी, त्या घराला नळ. आमचं घर बायकोच्या, सातुर्निनाच्या नावावर, म्हणून वहीत तिचं नाव. ती ‘हजर’ म्हणायची, मी शेजारी कोकाची पानं चघळत उभा. काही होवो, हजेरी लागली पाहिजे.

मग आपलाच माणूस निवडून आला. डावा, गरिबांचा. मी म्हटलं, “सातुर्निना, आता बसू.” ती म्हणाली, “बसा की. जन्मभर दुसरं काय केलंत?” आणि लगेच बाई दारात, “आजोबा, आता सरकारच्या बाजूनं उभं राहायचं.” रस्ता तोच, थंडी तीच, फक्त पळायची सोय गेली.

पुढं शेजारचा देश डावा झाला, मग त्याच्या पलीकडचा, गोवर उठावा तसा सगळा नकाशा लाल... आणि जो येईल तो आधी आमच्याकडं पाहुणा. एखादा देश उजवा राहिला असता, तर एक दिवस बसलो नसतो का? पण हजेरी लागली पाहिजे.

परवाच्या हिवाळ्यात सातुर्निना गेली. बाई म्हणाल्या, “नाव बदललं तर पहिल्यापासून मोजावं लागेल. बारा वर्षं.” मी शहात्तरचा. मग हळूच म्हणाल्या, “मी नाव पुकारते. ओ कोणी दिली, ते वहीत नसतं.”

तेव्हापासून माझी टोपी डोक्यावर, तिची हातात. बाई वहीतलं पूर्ण नाव पुकारतात, “सातुर्निना मामानी?” मी म्हणतो, “हजर.” पहिल्यांदा मागून शेजारचा एउलोखियो म्हणाला, “आजी, घसा बसला वाटतं?” आता तोही हसत नाही.

गेल्या आठवड्यात नळ आला. खाली हात धरला. गार होतं पाणी. बाकी काही वाटलं नाही.

आज बाई पुन्हा दारात. “उद्या सातला. गैरहजर घराचा नळ बंद.”

म्हटलं, “बाई, आता तरी तिला सुट्टी द्या.”

त्यांनी वही चाळली. “नाव तिचं आहे, आजोबा. तिला यावंच लागेल. तुम्ही हवं तर बसा घरी.”

आता मी बसलो, तर ती जाणार कशी?