पांढऱ्याची चौथी खेळी

मी खाली सही करणारा, वय ४९ वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार बाजारामागील गल्ली, दुकानावरची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मयत हे निवृत्त शिक्षक असून आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवले. काल रविवारी क्लबच्या स्पर्धेत माझा डाव त्यांच्याशी लागला. बसताना ते म्हणाले, "आज तरी घोडा घोड्यासारखा चालव रे. गाढव फार झालं." मी म्हणालो, "गाढव तुमच्याच तबेल्यातलं आहे, मास्तर." ते हसले. प्रकृतीची काही तक्रार त्यांनी केली नाही.

पांढरी मोहरी त्यांच्याकडे होती. त्यांनी राजापुढचे प्यादे दोन घरे सारले, मग घोडा काढला, मग उंट. मीही तसेच खेळलो. ही सुरुवात आम्ही कित्येक वर्षे खेळत आलो. यानंतर ते न थांबता किल्लेकोट करतात, म्हणजे राजा हत्तीच्या आड नेतात. काल त्यांनी कपाळ हातावर टेकले आणि ते थांबले.

तेथे विचार करण्यासारखे काही नसते, हे मला माहीत होते. तरी मला वाटले, मास्तरांना काही नवीन सुचले आहे. माझ्यासाठी ते एवढे कधी थांबले नव्हते. मला बरे वाटले.

समोरचा विचारात असेल तर खोकलासुद्धा गिळायचा, ही त्यांची शिकवण. मध्ये त्यांचे पेन खाली पडले. मी वाकून उचलले आणि आवाज न करता त्यांच्या हाताशी ठेवले. नंतर सवयीप्रमाणे डोळे मिटून देवाचे नाव घेत बसलो. डोळे उघडले तेव्हा ते तसेच होते, म्हणून पुन्हा मिटले.

डावाच्या घड्याळातला त्यांचा वेळ संपल्यावर स्पर्धेचे पंच आले व त्यांनी मास्तरांच्या खांद्याला हात लावला. तेव्हा प्रकार समजला. पंचांनी नियमाप्रमाणे डाव माझ्या नावावर लिहिला. मी नको म्हणालो. डॉक्टरांनी सांगितले की, लगेच हलवले असते तर कदाचित हाती लागले असते.

दवाखान्यात त्यांच्या मुलीने मला विचारले, "काका, तुम्ही समोरच होतात ना?" मी हो म्हणालो. "बाबा काही बोलले?" मी नाही म्हणालो. "आणि तुम्ही?"



माझा कोणावरही संशय नाही. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे.