डोळा वाचला, त्यानंतरची गोळी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या डॉक्टरबाई, दवाखान्यातील कर्मचारी आणि माझ्यासारख्या पेशंट बंधुभगिनींनो,

मी घड्याळजी. बोलण्याची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी माझा उजवा डोळा अंधुक झाला. भिंग लावूनही चाकाचे दाते दिसेनात. घड्याळजीचा डोळाच गेला, तर त्यानं करायचं काय? रक्त तपासलं, तर निघाली गरमी, म्हणजे सिफिलिस, आणि ती डोळ्यापर्यंत पोचलेली. बाईंनी दवाखान्यात ठेवून घेतलं, शिरेतून पेनिसिलिन दिलं. हळूहळू नजर परतली.

थोरली ताई रोज डबा आणायची. एकदा तिनं बाईंना गाठलंच. "झालंय तरी काय याला?"

"बरे होताहेत. बाकीचं त्यांनाच विचारा. वाटलं तर सांगतील."

बाईंनी माझी लाज राखली, म्हणूनच मला धीर आला. घरी गेल्यावर ताईला मी आपणहून सांगितलं. आजार सांगितला, आणि माझा जीव पुरुषावर जडतो, हेही. ती म्हणाली, "डबा आणत होते तेव्हाच सांगायचंस की रे."

पुढच्या वर्षी तपासणीत गरमी पुन्हा निघाली! मी खाली मान घालून बसलो.

"वर बघा," बाई म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे, फौजदार नाही."

उपचार झाल्यावर, गरमी पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळीबद्दल सांगितलं. संबंध आल्यावर जमेल तितक्या लवकर घ्यायची, फार तर तीन दिवसांच्या आत.

"म्हणजे आता मोकळं रान?" मी विचारलं.

"मुळीच नाही! एचआयव्हीला ती रोखत नाही. परम्याच्या, म्हणजे गनोरियाच्या बाबतीत तिचा फारसा भरवसा नाही. ठरल्या वेळी तपासणीला यायचं. मित्रांना वाटत सुटायचं नाही, उगाच खाल्ली तर जंतू निर्ढावतात."

पहिल्या खेपेला मी घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि आडवा झालो. छातीत अशी आग पडली, की मी धावत इथं आलो. बाई म्हणाल्या, "पेलाभर पाणी सांगितलं होतं! आणि गोळी घेऊन लगेच झोपतं कोण?" आपण हसताय, पण मी त्या दिवशी मृत्युपत्राच्या विचारात होतो!

तेव्हापासून गरमी माझ्या वाटेला गेलेली नाही. दुकान चालू आहे.

आज निघताना ताईनं विचारलं, "हे सगळं लोकांसमोर बोलणार आहेस?"

"हो."

"मग मला पुढच्या रांगेत बसायला हवं."

ती बसली आहे.

बाई, आम्हा सर्व पेशंटांच्या वतीनं मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला अवघडल्यासारखं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. धन्यवाद.