अठ्ठावीसला पास

हल्ली नातवंडं नव्वद मार्कांना रडतात, तेव्हा मला आमचे धुळ्याचे हेडमास्तर आठवतात. इंग्रजांचं राज्य होतं, शंभरात पस्तीस पडले की गंगेत घोडं न्हायलं. त्या वर्षी बीजगणितात निम्म्याहून जास्त वर्ग आडवा झाला. मला एकोणतीस. माझ्या वडिलांनी, आबांनी, आधीच बजावलेलं, "नापास व्हयना ते उद्यापासून जीनमा!" म्हणजे शाळा बंद, कापसाच्या कारखान्यात कामाला.

हेडमास्तर वर्गात येऊन कडाडले, "गाढवांनो, एवढा सोपा पेपर! पुढच्या वर्षी चाळीसलाच पास करतो!"

गणिताचे मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, एकदा पोरांना सोडवून दाखवा की."

साहेब ऐटीत बसले. हळूहळू पगडी उतरली, मग कोट उतरला. मास्तरांनी पेपर तिथंच तपासला आणि हळूच म्हणाले, "अठ्ठावीस, साहेब."

साहेबांनी पगडी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "यंदा अठ्ठावीसला पास."

आता कुठे मिळतात असे हेडमास्तर!

घरी आबांनी विचारलं, "कितला मार्क पडनात रे?"

म्हटलं, "हेडमास्तरांपेक्षा एक जास्त."

आबांनी गल्लीभर गूळ वाटला.