उन्हाची बाजू

(शिवणवर्गाचं रिकामं दालन. छताला मोठं भोक. बहीण शिडीवर, भाऊ खाली.)

भाऊ: शिडी सोड. सोड म्हणतो ना!

बहीण: आधी तू माझा पाय सोड, दादा. नाहीतर लाथ बसेल.

भाऊ: बसू दे. परवा याच छपरातून तुझा नवरा, आपला बोका, खाली आला. फरशीवरचा डाग अजून निघालेला नाही, आणि तू त्याच छपरावर निघालीस?

बहीण: म्हणूनच निघालेय. सोड... सोड रे मेल्या!

भाऊ: आई गं!

बहीण: लागलं?

भाऊ: नाही, गुदगुल्या झाल्या. दात हलला माझा. आणखी मार, दुसऱ्या बाजूचे शाबूत आहेत अजून.

बहीण: रक्त येतंय ओठातून. पूस ते.

भाऊ: तू उतर, मग पुसतो. अगं, ते प्लास्टिकचे पत्रे तुला पेलणार नाहीत. पडलेला तुकडा मी प्रयोगशाळेत नेऊन तपासलाय.

बहीण: तुझी प्रयोगशाळा घाल चुलीत. बोक्याच्या पायाखाली एकच पत्रा गेला. बाकीच्यांना कुठे तडा दिसतोय?

भाऊ: पिवळे पडलेत, ते तरी दिसतंय का?

बहीण: जुनेच आहेत ते. पाडलेल्या गोदामाचे. नवीन प्लास्टिक बनवायला नको, जुनं कचऱ्यात जायला नको, आणि दिवसा एकही दिवा न लावता बायका सुईत दोरा ओवतील एवढा उजेड. माझं पहिलं काम होतं हे. उद्घाटनाला सगळ्यात जोरात टाळ्या तूच वाजवल्यास.

भाऊ: वाजवल्या. मला काय स्वप्न पडलं होतं, तू पत्रे उलटे बसवलेस म्हणून?

बहीण: वरची बाजू खरवडलेली होती, शेवाळलेली. आतली आरशासारखी लख्ख. ती वर घेतली. कोणीही तेच केलं असतं.

भाऊ: ती खरवडलेली बाजूच उन्हाची होती! ऊन अडवणारा पातळ थर तिच्यावरच असतो. तुझी लख्ख बाजू इतके उन्हाळे उघडी भाजली.

बहीण: मग परत उलटवू. उद्या माणसं बोलावते.

भाऊ: उलटवून काय होणार, कपाळ? प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. ऊन त्या तोडतं आणि तुटल्या जागी हवेतला प्राणवायू जाऊन बसतो. मग ती टोकं परत जुळत नाहीत. वरचा कागदाएवढा थर काचेसारखा ठिसूळ होतो. वजन पडलं की तडा तिथून सुरू होतो आणि आरपार जातो.

बहीण: मला शिकवू नकोस! मी वर जाऊन उभी राहणार. पेललं तर पेललं.

भाऊ: आणि नाही पेललं तर?

बहीण: तर निदान कळेल मला.

भाऊ: काय कळेल? मेल्यावर काय कळणार आहे तुला?

बहीण: ती पहार कशाला उचललीस? दादा, खाली ठेव ती!

भाऊ: छप्परच ठेवत नाही. मग चढ कुठे चढतेस ती!

बहीण: फोडू नकोस! अरे, एकेक स्क्रू त्याने स्वतःच्या हाताने आवळलाय! दादा!

भाऊ: हा गेला! एका घावात! हा बघ, हाही गेला!

बहीण: हातोडा आहे माझ्या हातात. डोक्यात घालीन तुझ्या! खरंच घालीन!

भाऊ: घाल! एकदाचं मोकळं कर मला! माझा मित्र होता तो. तुझं लग्न मी जुळवलंय त्याच्याशी. घाल, पण आधी हा तुकडा धर. दोन्ही हातांनी वाकव.

बहीण: नाही वाकवत.

भाऊ: वाकव!

बहीण: ...मोडला.

भाऊ: धड असता तर घडी घातलीस तरी मोडला नसता.

बहीण: पण तो मध्यावर गेला असेल. पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीच्या कडेकडेने चालला असता तर पडला नसता. छपरावर चालायची रीतच ती आहे. पाय चुकला असेल त्याचा.

भाऊ: त्याचा? बोका नाव उगाच पडलं का त्याला? वर बघ. भोक कुठे आहे?

बहीण: पट्टीला लागून.

भाऊ: तिथे पट्टी खालून रोखते, म्हणून वजन पडलं की पत्र्याची वरची बाजू ताणली जाते. आणि नेमकी तीच उन्हाने मेलेली. तो रीतीने चालला, म्हणून पडला. मध्यावरून गेला असता तर कदाचित...

बहीण: पुढे बोलू नकोस.

भाऊ: नाही बोलत.

बहीण: हात चिरलाय तुझा.

भाऊ: असू दे. तू उतर. हळू, खाली सगळे तुकडेच आहेत.

बहीण: दवाखान्यात सासूबाईंना मी सांगितलं, त्याने घाई केली, बघून पाय टाकला नाही. तेव्हापासून त्या त्यालाच शिव्या देतायत. भिंतीवर डोकं आपटतात, म्हणतात, एवढा घोडा झाला तरी पाय कुठे टाकायचा ते कळलं नाही मेल्याला. आणि मी त्यांना धरून बसते.

भाऊ: आता काय सांगणार आहेस?

बहीण: की तो नीट चालत होता. मला तिकडे घेऊन चल. मग पडला कसा, ते त्या विचारतीलच.