आतल्या बाजूची पाटी

दाराला आतून पाटी लावणारं घर अख्ख्या पुण्यात एकच, आमचं वारज्याचं.

मी बारची परीक्षा देऊन आलो आणि त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या नावाची पाटी करून आणली. नावाआधी ठळक 'अ‍ॅडव्होकेट'. म्हटलं, "बाबा, अजून निकाल लागायचाय." म्हणाले, "माहितीये. म्हणूनच आतून लावतोय."

आणि खरंच लावली. घरातून बाहेर पडताना रोज माझंच नाव मला दिसायचं. पाहुणे विचारायचे, "अहो, पाटी आत कशी?" बाबा शांतपणे सांगायचे, "बाहेर लावायला अजून परवानगी नाही. आत कोण विचारतंय?"

निकाल नेटवर लागला. बहिणीने तिच्या आयटी कंपनीतून फोन केला, "दादा, पास." बाबांना सांगायला वळलो, तर ते स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी उभेच.

पाटी बाहेर लावली, दार ओढून घेतलं आणि स्वतःच बेल वाजवली. मी उघडलं.

"वकीलसाहेब आहेत का घरी?"

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला अहोजाहो केलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आहेत, पण भांडी घासून झाली की भेटतील."