ऊस झाकून बघा

चौगुले काकू, सर्व गुरुजन आणि मित्रहो,

चौगुले सरांबद्दल बोलायचं आणि समोर सर नाहीत, हे अजून अंगवळणी पडत नाही. वर्गात मी अडखळले की ते म्हणायचे, "थांब, पाणी पी, मग बोल." आज तसं म्हणणारं कुणी नाही. तरी बोलते.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. सरांनी नकाशांच्या कामावर घेतलं, तेव्हा वडिलांना पटेना. त्यांनी सरांना तोंडावरच विचारलं, "नुसतं दोन नकाशं जुळवून बघायचं, आणि त्याला पगार?" सर हसले. "पावणं, पत्रिका जुळवणाऱ्याला दक्षिणा देतासा न्हवं? मग नकाशानं काय घोडं मारलंय?" वडिलांना हसू आवरेना.

काम असं होतं. नदीकाठच्या एका गावाचे दोन नकाशे, एक जुना, एक आताचा. सॉफ्टवेअर त्यांचे बारीक चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनाला एक रंग: ऊस, घरं, नदी, पाणथळ. मग एकावर एक ठेवून सांगतं, सारखे किती. आमचे जवळजवळ सगळे सारखे आले. आम्ही खूश! 'गावात फारसा बदल नाही,' असं लिहून टाकलं आणि मिसळ मागवली.

सर आले, पडद्याकडे बघितलं. "व्हय की, जुळलं. उसाला ऊस जुळला! आपल्याकडं दुसरं काय जुळणार? आता ऊस झाकून बघा."

गावाचे बहुतेक चौकोन उसाचेच होते. तो रंग बंद केला. जुन्या नकाशात गावाच्या खालच्या अंगाला पाणथळीचे निळे ठिपके होते. नव्यात एकच उरला होता. बाकीच्यांवर भराव पडून प्लॉट झाले होते. पुराचं पाणी जिथं थांबायचं, ती जागाच गेली होती. आणि आमचा आकडा म्हणत होता, सगळं तसंच आहे.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकूण आकडा मोठ्यांचंच ऐकतोय. बारक्यांचं वेगळं मोजायचं." तेव्हापासून आम्ही प्रत्येक रंग वेगळा मोजतो.

मित्रहो, त्या उरलेल्या पाणथळीवर भराव टाकायचा विषय सोमवारी ग्रामसभेत आहे. सर स्वतः नकाशे घेऊन जाणार होते. परवा गावातून फोन आला, "आता सरच न्हाईत, तर नकाशं ऱ्हाऊ द्या की."

का राहू द्यायचे? सर गेले म्हणून पाण्याची वाट बदलली का?

मी जाणार आहे. तिथं आवाज चढतील. 'पोरी, तुला काय कळतंय?' असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. दोन्ही नकाशे भिंतीवर लावीन आणि बोट ठेवून दाखवीन. पाणथळ वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण गावाला ती दिसलीच नाही, असं मी होऊ देणार नाही.

काकू, एवढंच बोलायचं होतं.

सर, नमस्कार करते. आता आपण सगळे त्यांच्यासाठी थोडा वेळ शांत उभे राहू या.