हंभर पाणी

जबाब देणार : नाव पोलीस ठाण्याच्या नोंदीत घेतले आहे. गल्लीत व कामावर सर्वजण ‘पाववाल्या वहिनी’ म्हणतात. वय चोपन्न वर्षे. व्यवसाय नोकरी, मोठ्या दवाखान्याच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करणे. राहणार दवाखान्यामागील गल्ली, चष्म्याच्या दुकानावर, तिसरा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या सासूबाईंसह राहते. माझे पती हयात नाहीत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसते, त्यामुळे त्यांना घरी एकटे ठेवता येत नाही. म्हणून आज कामावरून आधी घरी गेले आणि त्यांना बरोबर घेऊनच इथे आले. त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. दिवसभर इस्त्रीपुढे उभी राहून माझे पाय भरून आले आहेत, तरी हवालदारदादांनी खुर्ची दिल्याने मी बसून जबाब देत आहे. त्यांनी न मागता दिली, हेही लिहावे.

माझ्या मुलीने माझ्या फोनवर ‘उरलंसुरलं’ नावाचे एक पान काढून दिले आहे. त्यावर मी सवड मिळेल तशा पाककृती लिहिते. प्रत्येकीखाली ती कुणाची हे लिहिते. रात्रपाळीच्या नर्सबाईंची असेल तर तसे, लिफ्टवाल्याच्या बायकोची असेल तर तसे. एक पुडक्यामागे छापलेली होती, तिच्याखाली ‘पुडक्यामागची’ असे लिहिले आहे. मुलगी म्हणते, “आई, तू पाककृती लिहितेस की लग्नपत्रिका?” म्हणू दे. ज्याचे त्याला द्यावे, त्यात आपल्या खिशातले काय जाते?

त्या पानावर मी कांद्याच्या पावाची पाककृती लिहिली. हा पाव आमच्या घरी दर रविवारी होतो. तो माझ्या सासूबाईंचा आहे. पूर्वी त्या स्वतः करायच्या, मी लग्न होऊन आल्यावर मला शिकवला. आता पीठ मी मळते आणि त्या शेजारी स्टुलावर बसतात. आमच्याकडे पाण्याला माप नाही. एका हाताने पीठ ढवळायचे, दुसऱ्या हाताने पाणी ओतत जायचे आणि सासूबाई ‘हं’ म्हणाल्या की थांबायचे. डोळे अधू झाल्यावरही त्या आवाजावरून सांगतात. कोरडे पीठ खरखरते, पाणी पुरेसे झाले की तो आवाज बुजतो, तिथे त्या ‘हं’ म्हणतात. नवी नवरी असताना मी एकदा विचारले होते, “आई, पाणी किती हो?” त्या म्हणाल्या, “हंभर.” तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द. माझ्या मुलीला तर ते खरोखरचे माप वाटायचे. शाळेत लिटर शिकवले तेव्हा तिने बाईंना विचारले, हंभर म्हणजे किती लिटर. बाईंनी मला भेटायला बोलावले होते.

तर पाककृतीत मी लिहिले, ‘हंभर कोमट पाणी.’ मला त्यात चुकीचे काही वाटले नाही, कारण आमच्याकडे दुसरा शब्दच नाही. शेवटी नेहमीप्रमाणे कुणाची ते लिहिले. तो मजकूर मला पाठ आहे, तो असा : ‘हा पाव माझ्या सासूबाईंचा. त्यातला कांदा मात्र पूर्वी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंचा, कांदा आधी मंद परतून गार करून घालायचे त्यांनी सांगितले. हंभर म्हणजे सासूबाई हं म्हणेपर्यंत. तुमच्याकडे सासूबाई नसतील तर भांड्याच्या तळाशी कोरडे पीठ उरणार नाही तिथे थांबा.’ शिवणकामवाल्या बाईंचे लिहायला सासूबाईंनीच लावले. त्या म्हणाल्या, “माझा एकटीचा नाही हो तो. कांदा तिचा, पाणी माझं.”

यातील अर्जदार, म्हणजे माझ्याविरुद्ध तक्रार देणाऱ्या बाई, ‘चमचाताई’ या नावाने स्वयंपाकाचे व्हिडिओ करतात. ते नाव मी ठेवलेले नाही, त्यांनीच घेतले आहे. त्यांचा कांद्याच्या पावाचा व्हिडिओ मला कामावर चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईने दाखवला. मजकूर शब्दन् शब्द माझा. ‘कांद्याला घाई करू नका, तो रुसतो,’ हे वाक्यसुद्धा तसेच. फक्त शेवटचा, कुणाची ते सांगणारा मजकूर कापला होता. त्याऐवजी चमचाताई सांगत होत्या की हा पाव त्यांच्या आजीचा. आणि ‘हंभर’ हा शब्द त्यांना कळला नसावा. लिहिताना काहीतरी राहिले असे वाटून त्यांनी तो सुधारला. व्हिडिओखाली लिहिले होते, ‘हंडाभर कोमट पाणी.’ दोन वाट्या पिठाला हंडाभर! वर त्या म्हणत होत्या, “माझ्या आजीचा एक छोटासा हंडा होता, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.” असे म्हणून त्यांनी डोळे पुसले. घड्या घालणारी बाई मला म्हणाली, “वहिनी, तुम्ही हंड्याचं कधी बोलला नाहीत.” मी म्हटले, “मलाही आजच कळतंय.”

मी चमचाताईंना खासगीत दोनदा लिहिले की, ही आमच्या सासूबाईंची आहे, तेवढे खाली घाला. वाचल्याची खूण आली, उत्तर आले नाही. मी सोडून दिले. कुठे कुठे भांडत बसायचे, मुळात अंगात त्राण नसते. सासूबाईंना तर सांगायचेच नाही असे ठरवले होते. पण शेजारच्या बाई मोठ्या कौतुकाने फोन घेऊन आल्या आणि “आजी, तुमचा पाव ऐका,” म्हणून त्यांना सगळे ऐकवून गेल्या. त्यांचा हेतू चांगला होता.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. मग मला विचारले, “हंडा कुठला गं?”

मी म्हटले, “तिच्या आजीचा आहे, आई.”

“मग मी कोण?”

मी म्हटले, जाऊ द्या, जेवून घ्या.

त्यानंतरच्या रविवारी मी पीठ घेतले, त्या नेहमीप्रमाणे स्टुलावर येऊन बसल्या. मी पाणी ओतायला लागले. ओतत राहिले. इतक्या वर्षांची सवय, माझे लक्ष पिठाकडे नव्हते, कान त्यांच्याकडे होते. ‘हं’ आलेच नाही. पीठ पातळ होऊन परातीच्या काठावरून ओट्यावर आले तेव्हा मी भानावर आले. म्हटले, “आई, अहो!” त्या म्हणाल्या, “तिच्या आजीला विचार.” आणि भिंतीला धरून बाहेर जाऊन बसल्या.

त्याच दिवशी, हाताचा चिकटा धुतल्यावर, मी चमचाताईंच्या व्हिडिओखाली सगळ्यांना दिसेल असे लिहिले, ‘ताई, हंडा कुठे ठेवलाय ते जरा आजींना विचारा.’ एवढेच लिहिले. शिवी दिली नाही, कुणाला भरीस घातले नाही. परंतु हंडाभर पाण्यात ज्यांचे पीठ वाहून गेले होते अशा लोकांनी ते उचलून धरले. त्यांच्या प्रत्येक व्हिडिओखाली ‘हंडा कुठाय?’ सुरू झाले. त्यांच्या वाढदिवसाच्या व्हिडिओखालीसुद्धा. उलट त्यांच्या बाजूच्या काही लोकांनी मलाच चोर ठरवले, ‘म्हातारपणी हे धंदे’ असे लिहिले. म्हातारपण कुणाचे म्हणाले कोण जाणे. लोकांनी त्यांना छळले ते मला आवडले का, असे विचारल्यावरून सांगते की, आधी आवडले. मग वाढदिवसाचा तो व्हिडिओ पाहिला आणि आवडेनासे झाले.

मी मुद्दाम चुकीचा शब्द लिहून खड्डा खणला, असे अर्जात म्हटले आहे. ते खोटे आहे. मला खड्डे खणायला वेळ नाही, रोजच्या चादरीच संपत नाहीत. शब्दाचा अर्थ मी दिला होता. पाककृती कुणाची ते सांगणाऱ्या शेवटच्या मजकुरातच तो होता. तेवढा मजकूर कापून टाकला की त्याच्याबरोबर पाणीही गेले, याला मी काय करू?

आज ठाण्यात अर्जदार समक्ष भेटल्या. माझ्या मुलीएवढ्या असतील. डोळ्यांखाली काळे आले आहे. मला म्हणाल्या, “काकू, मला रोज एक व्हिडिओ टाकावाच लागतो. कुणाकुणाचं नाव लिहीत बसू?” मी विचारले, “आजी आहेत का तुमच्या?” त्या म्हणाल्या, “मी पाहिलेलंच नाही त्यांना.” मला त्यांची दया आली. राग मात्र तेवढाच राहिला. मला वाटले होते दया आली की तो जातो.

त्यांच्या वकिलांनी एक माफीनामा आणला आहे. हंड्याबद्दलच्या शेऱ्याची माफी मागायला माझी हरकत नाही. तो मी काढून टाकते, लोकांनाही पुरे करा म्हणून सांगते. परंतु त्यात पुढे असे लिहिले आहे की, ‘सदर पाककृती पारंपरिक असून ती कोणाचीही नाही.’ यावर मी सही करणार नाही. हवालदारदादा म्हणाले, “करून टाका वहिनी, पावच आहे, मिटवा एकदाचं.” मी त्यांना विचारले, “दादा, तुमचा डबा कोण करतं?” ते म्हणाले, “बायको.” मी म्हटले, “बघा, कसं पटकन सांगितलंत.” ते हसले आणि त्यांनी हे टाइप केले नाही. माझ्या सांगण्यावरून नंतर टाइप केले.

ही पाककृती माझी आहे असे माझे म्हणणे नाही. माझे नाव कुठेही नको. ती एकट्या सासूबाईंचीही नाही, कांदा दुसऱ्या बाईंचा आहे आणि त्यांनी तो कुणाकडून घेतला ते विचारायला त्या आता नाहीत. पण एकीची नाही म्हणजे कोणाचीच नाही, असे कसे होईल? आमच्या इमारतीतल्या दोन बायका तर नेमक्या सांगता येतात, त्यातली एक त्या बाकावर बसली आहे.

दुसरे असे सांगते की, मला पावाचे फारसे काही नाही. न खाल्ला म्हणून कुणी मरत नाही. पण घरात आम्ही दोघीच. सकाळी मी चहा ओतायचे तेव्हाही त्या ‘हं’ म्हणायच्या, डाळ वाढताना म्हणायच्या, त्यांच्या डोक्यावर कोमट पाणी घालतानाही म्हणायच्या. दिवसभर त्या धुलाईघराच्या घरघरीत राहून आले की घरात तेवढा एक आवाज असायचा. त्या रविवारपासून तो बंद आहे. चहा कपातून उतू जाऊन बशीत सांडतो, तरी त्या गप्प बसतात. मी रागावले, गयावया केली, पाया पडले. त्या म्हणतात, “आता माझं काय त्यात.” मला हे सहन होत नाही. ते लिहावे. भाषा कशी का असेना, सहन होत नाही हे लिहावे.

माझे मागणे एवढेच की, अर्जदारांनी त्या व्हिडिओखाली हा पाव कुणाचा, कांदा कुणाचा आणि पाणी कुणाचे ते लिहावे, हंडा काढावा आणि ते स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने बोलून टाकावे, कारण सासूबाईंना वाचता येत नाही, ऐकू येते. ते त्यांना मान्य नसेल तर जी काय कारवाई असेल ती करावी. बोलवाल तेव्हा मी येईन. उभे राहायची मला सवय आहे.

अजून काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावरून मी सांगत होते की, शिवणकामवाल्या बाई कांदा चिरताना रडायच्या नाहीत, आणि त्या कायम दारे उघडी ठेवून स्वयंपाक करायच्या, आणि सासूबाई त्यांना चिडवायच्या की… परंतु हवालदारदादा म्हणाले, आधी एवढे वाचून दाखवतो, पंख्याच्या आवाजात नीट ऐका.

वर टाइप केलेला मजकूर हवालदारदादांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. ‘कांदा तिचा, पाणी माझं,’ हे वाचताना ते थोडे अडखळले. संपल्यावर त्यांनी विचारले, “बरोबर आहे? की आणखी काही घालू?” मी उत्तर देण्याआधी बाहेरच्या बाकावरून उत्तर आले, “हं.”

तिथेच हा जबाब थांबवला आहे. तो माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे. मात्र शेवटचा ‘हं’ हा शब्द माझा नसून माझ्या सासूबाईंचा आहे, तशी त्याची नोंद व्हावी.